रोजचे तेच ते काम संगणकावर सोपवताना

वाचकांचे प्रश्न

या सदराकडे अलीकडे आलेल्या पत्रांपैकी बऱ्याच पत्रांचा सूर एकच आहे. रोज तेच ते काम हाताने करावे लागते, ते संगणकाकडून आपोआप करून घेता येईल का, असे वाचक विचारतात. मुंबईच्या निरनिराळ्या भागांतून आलेली काही पत्रे निवडून त्यांची उत्तरे येथे देत आहोत. पत्रे जागेअभावी थोडक्यात दिली असून पत्रलेखकांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : मुलुंड येथील ८४ सदनिकांच्या गृहनिर्माण संस्थेची मी मानद चिटणीस आहे. देखभालीची बिले दर महिन्याला मीच तयार करते. गेल्या महिन्याची वर्डमधील फाइल उघडायची, रक्कम आणि थकबाकी बदलायची, छापायची आणि पुढची फाइल उघडायची, असे ते काम चालते. त्यात माझा पूर्ण रविवार जातो आणि तरीही दोन-तीन बिलांत जुनी थकबाकी तशीच राहून जाते. यासाठी एखादे सॉफ्टवेअर विकत घ्यावे का?

उत्तर : एवढ्या कामासाठी काही विकत घेण्याची गरज नाही. आपल्याकडे वर्ड आणि एक्सेल आहेच, आणि एकाच नमुन्यात तक्त्यातील नावे-रकमा आपोआप भरून देणारी वर्डमधील ‘मेल मर्ज’ ही सोय नेमकी अशाच कामासाठी आहे. एका बिलाला चार मिनिटे धरली तरी ८४ बिलांना ५ तास ३६ मिनिटे लागतात, तेव्हा आपला रविवार कोठे जातो हे उघडच आहे. मात्र वेळेपेक्षा त्या दोन-तीन चुकीच्या बिलांची बाब मला अधिक गंभीर वाटते. जुन्या बिलावरच नवे बिल लिहिले की बदलायची राहून गेलेली रक्कम कोरी दिसत नाही, भरलेलीच दिसते. त्यामुळे ती चूक तपासतानाही नजरेतून निसटते आणि सभासदाच्या हाती पडल्यावरच तिचा बोभाटा होतो.

प्रथम एक्सेलमध्ये एकच तक्ता करावा. त्यात प्रत्येक सदनिकेसाठी एक ओळ असावी आणि सदनिका क्रमांक, सभासदाचे नाव, देखभाल खर्च, सिंकिंग फंड, बिनभोगवटा शुल्क, मागील थकबाकी, व्याज आणि एकूण रक्कम असे रकाने असावेत. पहिल्या ओळीत रकान्यांची नावे सोडून दुसरे काही नसावे. संस्थेचे नाव, नोंदणी क्रमांक, मोठ्या अक्षरांतले शीर्षक हे सर्व वर्डमधील बिलाच्या नमुन्यात जाते, तक्त्यात नव्हे. पुष्कळ चिटणीस तक्ता देखणा करण्याच्या हौसेने वरच्या चार-पाच घरांना (म्हणजे तक्त्यातील सेलना) एकत्र जोडतात, आणि मग वर्डला रकान्यांची नावे सापडत नाहीत. व्याजाचा दर प्रत्येक ओळीच्या सूत्रात कोंबू नये. तो वेगळ्या शीटवर एकाच घरात लिहून सूत्रांनी तेथून उचलावा, म्हणजे सर्वसाधारण सभेने दर बदलला तर एकच आकडा बदलावा लागेल.

त्यानंतर वर्डमध्ये बिलाचा एकच नमुना तयार करून ‘मेलिंग्ज’ या विभागातून हा तक्ता त्याला जोडावा आणि नाव, रक्कम वगैरे जागी त्या त्या रकान्याचे फील्ड, म्हणजे त्यातील माहिती उतरण्याची जागा, घालावे. भाड्याने दिलेल्या सदनिकांनाच बिनभोगवटा शुल्काची ओळ दिसावी असे वाटत असेल, तर तेथील ‘रूल्स’मध्ये ‘अमुक असेल तर हे छाप, नसेल तर ते’ अशी अट घालता येते. ‘फिनिश अँड मर्ज’ करताना थेट छपाईचा हुकूम न देता ‘एडिट इंडिव्हिज्युअल डॉक्युमेंट्स’ हा पर्याय निवडावा. तेथे ८४ बिलांची एक सलग फाइल मिळते, ती चाळून पाहावी आणि मगच कागद खर्च करावा.

दोन गोष्टी हटकून अडवतात. एक्सेलमध्ये स्वल्पविरामासह दिसणारी रक्कम वर्डमध्ये नुसती, स्वल्पविरामावाचून उतरते, आणि १ एप्रिलची तारीख अमेरिकी क्रमाने, म्हणजे महिना आधी अशी येते. याचे कारण असे की वर्ड घरातील मूळ मूल्य उचलते, त्यावर चढवलेला साज उचलत नाही. तक्त्यात आणखी एक रकाना करून ‘टेक्स्ट’ या सूत्राने रक्कम आणि तारीख हव्या त्या रूपात मजकूर म्हणून तयार ठेवावी आणि वर्डला तोच रकाना द्यावा. बिलावर देवनागरी अंक हवे असल्यास याच सूत्रात [$-4000439]0 हे रूप द्यावे. यातील अंक मात्र इंग्रजीतच टंकावे लागतात.

क्रम लावताना (सॉर्ट करताना) फार सांभाळावे, असे मी अनुभवाने सांगतो. आमच्या स्वतःच्या इमारतीची बिले मी एकदा करून दिली तेव्हा केवळ नावांचा रकाना निवडून तो अकारविल्हे लावला. ‘शेजारचे रकानेही सोबत घ्यावेत का’ असे एक्सेलने रीतसर विचारले होते. मी घाईत नको म्हटले. नावे हलली, रकमा जागच्या जागी राहिल्या आणि तिसऱ्या मजल्यावरच्या गाळेधारकाची अकरा महिन्यांची थकबाकी तळमजल्यावरच्या, कधीही एक दिवस न चुकवणाऱ्या आजींच्या नावावर गेली. त्या आजी बिल घेऊन स्वतः वर आल्या होत्या. तेव्हापासून छपाईपूर्वी मी एकूण रकमेचा ताळा पाहतोच, शिवाय मधलीच कोणतीही पाच बिले खातेवहीशी ताडून पाहतो, कारण नावे हलल्याची चूक बेरजेत सापडत नाही.

प्रश्न : मी मशीद बंदर येथील एका वितरकाकडे हिशेबाचे काम करतो. आमच्या बारा विक्री प्रतिनिधींकडून रोज संध्याकाळी एकेक एक्सेल फाइल येते. त्या सर्व एका शीटमध्ये कॉपी-पेस्ट करून मालकांना एकत्रित अहवाल द्यावा लागतो. मी मॅक्रो (एकदा केलेली कृती नोंदवून ती पुन्हा आपोआप करून घेण्याची एक्सेलमधील सोय) रेकॉर्ड करून पाहिला. पहिल्या दिवशी तो उत्तम चालला, दुसऱ्या दिवशी मात्र अर्ध्याच ओळी आल्या. असे का व्हावे?

उत्तर : मॅक्रो रेकॉर्डर आपला हेतू टिपत नाही, हाताच्या हालचाली टिपतो. पहिल्या दिवशी एका फाइलमध्ये ४० ओळी होत्या आणि आपण त्या माऊसने निवडल्या, तर त्याने ‘सगळ्या ओळी निवड’ असे लिहून ठेवले नाही, ‘दुसऱ्या ओळीपासून एकेचाळिसाव्या ओळीपर्यंत निवड’ असे लिहिले. दुसऱ्या दिवशी ७५ ओळी आल्या तेव्हा त्याने ४० उचलल्या आणि उरलेल्या ३५ ओळींकडे ढुंकूनही पाहिले नाही. ‘यूज रिलेटिव्ह रेफरन्सेस’ हे बटण दाबून रेकॉर्ड केल्यास आणि शेवटच्या ओळीपर्यंत कंट्रोल, शिफ्ट व बाणाच्या कळीने गेल्यास यातून काही प्रमाणात सुटका होते, पण मध्येच एखादे घर रिकामे असले की निवड तेथेच थांबते.

माझा सल्ला असा की या कामासाठी मॅक्रो सोडून द्यावा आणि ‘पॉवर क्वेरी’ ही निरनिराळ्या फाइलींतील माहिती एकत्र आणणारी एक्सेलचीच सोय वापरावी. एक्सेलच्या २०१० व २०१३ या आवृत्त्यांसाठी ती वेगळी उतरवून घ्यावी लागे, २०१६ पासून ती एक्सेलमध्येच ‘डेटा’ या विभागात आहे. बारा फाइली एका ठरावीक फोल्डरमध्ये ठेवाव्यात, ‘गेट डेटा’मधून ‘फ्रॉम फोल्डर’ निवडून तो फोल्डर दाखवावा आणि ‘कम्बाइन’ म्हणावे. ती प्रत्येक फाइल उघडून सर्व ओळी एकाखाली एक रचते आणि कोणती ओळ कोणत्या फाइलमधून आली हेही वेगळ्या रकान्यात नोंदवते. रोज जुन्या फाइलींच्या जागी नव्या ठेवून ‘रिफ्रेश’ दाबले की अहवाल तयार होतो. मूळ फाइलींना ती हात लावत नाही, त्या केवळ वाचते. हिशेबाच्या कामात ही फार मोलाची गोष्ट आहे. मॅक्रोने चुकीच्या शीटवर काही लिहिले तर ते ‘अंडू’ने मागे घेता येत नाही, कारण मॅक्रो चालला की अंडूची यादीच पुसली जाते.

तंत्रापेक्षा माणसे सांभाळणे येथे अधिक कठीण जाईल. बारा जणांच्या फाइलींत शीटचे नाव आणि रकान्यांची नावे अक्षरशः सारखी असली पाहिजेत. एखाद्याने ‘रक्कम’ या शब्दापुढे नकळत एक मोकळी जागा सोडली, तर पॉवर क्वेरीच्या लेखी तो वेगळाच रकाना ठरतो आणि त्या प्रतिनिधीची विक्री रिकामी दिसते. कोणतीही तक्रार न करता रिकामी दिसते, हे विशेष. म्हणून आपण एक कोरा नमुना करून त्याची शीर्षके कुलूपबंद करावीत, म्हणजे शीट प्रोटेक्ट करावी, आणि तोच नमुना सर्वांना पाठवावा. अहवालाच्या शेवटी प्रत्येक फाइलच्या ओळींची संख्या व बेरीज येईल अशी व्यवस्था केल्यास बारापैकी कोणाचा खाडा आहे हे मालकांच्या आधी आपल्याला कळेल.

मॅक्रोच वापरायचा असल्यास मराठीपुरती एक अडचण सांगतो. एक्सेलच्या मॅक्रोंची भाषा १९९३ सालापासून चालत आली आहे आणि ती लिहिण्याच्या खिडकीत देवनागरी मजकूर टंकला तर आजही प्रश्नचिन्हांची रांग उमटते. मराठी शीर्षके शीटवरील घरांत लिहून ठेवावीत आणि मॅक्रोला केवळ त्या घराचा पत्ता द्यावा.

प्रश्न : आमच्या भायखळ्याच्या गोदामात साठ्याच्या नोंदी ठेवण्याचे फार जुने सॉफ्टवेअर आहे. त्यात एक्सेलची यादी घेण्याची सोयच नाही. रोज सुमारे चाळीस नोंदी एक-एक घर भरून टंकाव्या लागतात. येथे पॉवर क्वेरीचा काय उपयोग?

उत्तर : काही उपयोग नाही. दार नसलेल्या घरात खिडकीतूनच शिरावे लागते. अशा वेळी पडद्यावर आपल्यासारखेच क्लिक करणारे आणि टंकणारे सॉफ्टवेअर घ्यावे. मायक्रोसॉफ्टने ‘पॉवर ऑटोमेट’ची डेस्कटॉप आवृत्ती मार्च २०२१ मध्ये विंडोज १० च्या वापरकर्त्यांना मोफत दिली आणि विंडोज ११ मध्ये ती सोबतच येते. तीत एक्सेलची ओळ वाचणे, ती ठरलेल्या घरांत भरणे, ‘सेव्ह’ दाबणे आणि पुढच्या ओळीकडे वळणे असा क्रम तुकडे जोडल्यासारखा मांडता येतो. प्रोग्रॅमिंग येण्याची अट नाही.

बटण पडद्यावरील जागेवरून ओळखायला लावू नये. खिडकी दोन बोटे सरकली किंवा कोणी पडद्याचे रिझोल्यूशन बदलले की क्लिक भलतीकडे पडतो. शक्य असेल तेथे बटणाची ओळख ‘यूआय एलिमेंट’ म्हणून, म्हणजे जागेवरून नव्हे तर त्या बटणाच्या स्वतःच्या खुणेवरून, करून द्यावी. फारच जुन्या सॉफ्टवेअरमध्ये ते जमले नाही तर माऊस बाजूला ठेवून टॅब आणि एंटर या कळांवरच सर्व क्रम बसवावा. त्या काळच्या सॉफ्टवेअरमध्ये कळफलकाची वाट बहुधा पक्की असते. प्रत्येक ‘सेव्ह’नंतर ठरावीक दोन सेकंद थांबण्याऐवजी ‘नोंद झाली’ हा संदेश दिसेपर्यंत थांबण्याची सूचना द्यावी, नाहीतर संगणक मंदावलेल्या दिवशी एका मालाचा आकडा दुसऱ्याच मालापुढे जाऊन बसेल. सुरुवातीचे आठ-दहा दिवस शेजारी खुर्ची टाकून बसावे लागेल, याची तयारी ठेवावी. मोफत आवृत्तीत वेळ लावून ठेवण्याची सोय नाही, त्यामुळे क्रम सुरू करण्याचे बटण कोणीतरी दाबावे लागते, आणि तो चालू असताना त्या संगणकावर दुसरे काम करता येत नाही.

प्रश्न : मी गिरगावात राहून अनुवादाचे काम करते. ‘उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की’ यांसारखी वाक्ये दिवसातून वीस वेळा टंकावी लागतात. इंग्रजीत दोन अक्षरे टंकून पूर्ण वाक्य आणणारी सॉफ्टवेअर मी पाहिली आहेत. मराठीत ती चालतात का?

उत्तर : चालतात, पण कळफलक कोणता वापरता यावर सर्व अवलंबून आहे. केवळ वर्डमध्ये काम असेल तर त्यातील ‘ऑटोकरेक्ट’ पुरे. त्याची यादी भाषेनुसार वेगळी असते, त्यामुळे नवी नोंद करताना कर्सर मराठी मजकुरात असल्याची खात्री करावी, अन्यथा नोंद इंग्रजीच्या यादीत जाऊन पडते आणि मराठीत लिहिताना ती का चालत नाही याचा उलगडा होत नाही. सर्व ठिकाणी, म्हणजे ई-मेलमध्ये आणि ब्राउझरमध्येही, वाक्ये हवी असतील तर विंडोजवर ‘ऑटोहॉटकी’ किंवा विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्हींवर चालणारे ‘एस्पान्सो’ घ्यावे. दोन्ही मोफत आणि मुक्तस्रोत आहेत. ऑटोहॉटकी तर २००३ पासून वापरात आहे.

इंग्रजीत अर्धविराम आणि दोन अक्षरे असा संकेत ठेवण्याची पद्धत आहे. आपण ‘इनस्क्रिप्ट’ या देवनागरी कळफलकाने टंकत असाल तर त्या कळीवर अर्धविराम नसून ‘च’ असतो, तेव्हा तो संकेत मराठी टंकताना उमटतच नाही. अक्षरांचा संकेत सोडून कंट्रोल, ऑल्ट आणि एखादा अंक अशी कळांची जोडी वाक्याला नेमून द्यावी. भाषा कोणतीही चालू असो, ती जोडी चालते. ऑटोहॉटकीची फाइल नोटपॅडमधून ‘यूटीएफ-८’ या, देवनागरी अक्षरे जपणाऱ्या रूपात साठवावी आणि जुनी आवृत्ती असल्यास ‘यूटीएफ-८ विथ बीओएम’ निवडावे, नाहीतर वाक्याच्या जागी अगम्य चिन्हे उमटतात.

जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधील मजकुरात मात्र यांतील काहीच उपयोगी पडणार नाही. त्या फाइलींत आत इंग्रजी अक्षरांचेच संकेत असतात, फॉन्ट त्यांना मराठी मुखवटा चढवतो. एखादा प्रकाशक अजूनही तशीच फाइल मागत असेल तर सर्व काम युनिकोडमध्ये करून शेवटी एकदाच रूपांतर करावे आणि त्यानंतर रफार व जोडाक्षरे डोळ्यांनी तपासावीत.

तूर्त काहीच उतरवून घ्यायचे नसेल तर विंडोजची कळ आणि ‘व्ही’ दाबून पाहावे. २०१८ पासून विंडोज कॉपी केलेल्या शेवटच्या पंचवीस गोष्टी लक्षात ठेवते, आणि त्यांतील हव्या त्या पिन करून ठेवता येतात. पहिल्यांदा ही सोय चालू करण्याची परवानगी ती विचारते.

प्रश्न : शाळेच्या स्नेहसंमेलनाची सहाशे छायाचित्रे कॅमेऱ्याने दिलेल्या अनाकलनीय नावांनी पडून आहेत. नावे एकदम बदलता येतील का? (शिक्षक, विक्रोळी)

उत्तर : येतील. मायक्रोसॉफ्टच्या मोफत ‘पॉवरटॉइज’ या संचात ‘पॉवररिनेम’ आहे. सर्व छायाचित्रे निवडून उजवे बटण दाबावे, जुने आणि नवे नाव शेजारी-शेजारी दिसते, ते पाहूनच होकार द्यावा. तारीख नावात घालायची असल्यास आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असा क्रम ठेवावा, म्हणजे फोल्डरमध्ये छायाचित्रे आपोआप काळानुसार लागतात.

प्रश्न : गणपतीला सावंतवाडीला जाण्यासाठी दरवर्षी तिकिटाची मारामार होते. आरक्षण उघडताच दोन मिनिटांत यादी भरते. सहा प्रवाशांची नावे, वये क्षणात भरून देणारे सॉफ्टवेअर मिळते असे लालबागच्या आमच्या चाळीत कळले. ते वापरावे का?

उत्तर : वापरू नये. आपली तळमळ समजते. तुतारी किंवा कोकणकन्येचे गणपतीतले तिकीट म्हणजे काय, हे चाकरमान्याला सांगायला नको. परंतु घरच्या तक्त्यावर सॉफ्टवेअर चालवणे आणि दुसऱ्याच्या संकेतस्थळावर ते सोडणे यांत फरक आहे. तेथे नियम त्या संकेतस्थळाचे चालतात, आणि रेल्वेच्या आरक्षणस्थळावर अशा स्वयंचलित साधनांना मनाई आहे. संशयास्पद खाती बंद केली जातात, म्हणजे ऐन वेळी उरलेली वाटही बुजते. विनापरवाना तिकिटांचा धंदा करणाऱ्यास रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४३ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. घरच्यांचे तिकीट काढणारा माणूस त्या कलमात बसत नाही, पण ‘क्षणात भरून देतो’ म्हणत जो असे सॉफ्टवेअर आपल्याला विकतो तो बसू शकतो. शिवाय आपले खाते, सांकेतिक शब्द आणि बँकेचा तपशील अशा निनावी सॉफ्टवेअरच्या हाती देणे म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देणे.

जे वैध आहे ते पुरेपूर वापरावे. त्या संकेतस्थळावरच ‘मास्टर लिस्ट’ आहे. सहाही जणांची नावे, वये, बर्थची पसंती तीत आधीच नोंदवून ठेवली की ऐन वेळी केवळ खुणा कराव्या लागतात. सॉफ्टवेअर जे करते त्यातले बहुतेक काम तेथेच उरकते. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडते, तेव्हा जुन्या हिशेबाने तारखा मोजू नयेत. जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकिटासाठी आधारची पडताळणी लागते, ती आदल्या दिवशी नव्हे, आजच करून ठेवावी. वातानुकूलित वर्गाचे तत्काळ सकाळी १० वाजता आणि इतर वर्गांचे ११ वाजता उघडते. संगणकाचे घड्याळ इंटरनेटच्या वेळेशी जुळलेले आहे ना, हेही पाहावे.

प्रश्न : आमच्या विलेपार्ल्याच्या ग्रंथालयात पुतण्याने एक मॅक्रोची फाइल ई-मेलने पाठवली. ती उघडताच लाल पट्टी येते आणि मॅक्रो चालत नाही. ऑटोहॉटकीचा एक प्रोग्रॅम तर अँटिव्हायरसने परस्पर काढून टाकला. ही साधने धोक्याची आहेत काय?

उत्तर : साधन धोक्याचे नाही, कोठून आलेले आहे त्यावर ते ठरते. मार्च १९९९ मध्ये ‘मेलिसा’ नावाचा विषाणू वर्डच्या मॅक्रोमधूनच जगभर पसरला होता. इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतील मॅक्रो २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने मुळातच बंद ठेवले आहेत, म्हणून ती लाल पट्टी दिसते. पुतण्याला फोन करून फाइल त्यानेच पाठवली आहे याची खात्री करावी, मग फाइलच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये जाऊन ‘अनब्लॉक’ करावे. ऑटोहॉटकी कळफलकावर लक्ष ठेवून काम करते आणि सांकेतिक शब्द चोरणारे प्रोग्रॅमही तेच करतात, त्यामुळे तयार प्रोग्रॅमवर अँटिव्हायरसला संशय येतो. तयार प्रोग्रॅम न घेता मूळ मजकुराची फाइल घ्यावी, ती नोटपॅडमध्ये उघडून वाचता येते.

चॅटजीपीटीसारख्या साधनांकडून मॅक्रो लिहून घ्यावा का, असेही आपण विचारले आहे. घ्यावा, मला त्यात कमीपणा वाटत नाही. पण पहिल्यांदा तो फाइलच्या प्रतीवर चालवावा आणि वर्गणीदारांची खरी नावे व दूरध्वनी तेथे चिकटवू नयेत. रकान्यांची शीर्षके आणि दोन खोट्या ओळी दिल्या तरी त्याचे भागते. बँकेचा किंवा ई-मेलचा सांकेतिक शब्द कोणत्याही मॅक्रोत कधीच लिहू नये.

प्रश्न : फोर्टमधील आमच्या लेखापालांच्या कार्यालयात रोज रात्री अकरा वाजता हिशेबाच्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर व्हावी, असे मी विंडोजच्या ‘टास्क शेड्युलर’मध्ये लावून दिले होते. महिन्याने पाहिले तर केवळ चार प्रती निघाल्या, आणि चारही गुरुवारच्या. विंडोजमध्ये काही बिघाड आहे का?

उत्तर : आपल्या पत्राच्या तळाशी आपणच लिहिले आहे की गुरुवारी भागीदार उशिरापर्यंत बसतात आणि एरवी शिपाई साडेसातला कार्यालय बंद करतो. तो जाताना मुख्य स्विच बंद करत असणार. वायरिंग जुने असलेल्या इमारतीत ती सवय चांगलीच आहे, ती मोडायला लावू नये. बंद संगणकावर अकरा वाजतच नाहीत.

प्रत काढण्याची वेळ संध्याकाळी सातची करावी. त्या वेळी हिशेबाचे सॉफ्टवेअर बंद असेल असे पाहावे, उघड्या फाइलीची प्रत अर्धवट निघू शकते. त्या कामाच्या ‘सेटिंग्ज’मध्ये, ठरलेली वेळ चुकल्यास शक्य तितक्या लवकर काम सुरू करावे, अशा अर्थाची एक चौकट असते. ती मुळात रिकामी असते, तीत खूण करावी. शेड्युलरची ‘हिस्टरी’ही बहुधा बंदच असते, ती चालू केल्यास कोणत्या दिवशी काय झाले हे महिनाभर थांबून शोधावे लागणार नाही.

आपण ‘रोबोकॉपी’ ही फाइलींची प्रत काढणारी विंडोजमधील आज्ञा वापरता आणि तिला ‘मिरर’ची सूचना दिली आहे, हे वाचून थोडी काळजी वाटली. या सूचनेने डिस्क मूळ फोल्डरची तंतोतंत छबी होते. मूळ ठिकाणी कोणी चुकून एखाद्या अशिलाचा फोल्डर पुसला, तर त्याच संध्याकाळी तो डिस्कवरूनही पुसला जातो, आणि तोही अगदी वक्तशीरपणे. सोमवार ते शनिवार अशा वारांच्या नावांचे सहा फोल्डर डिस्कवर करून त्या त्या दिवशीची प्रत त्या त्या फोल्डरमध्ये पाठवावी. शनिवारची डिस्क काढून भागीदारांपैकी कोणी तरी घरी न्यावी आणि तिच्या जागी दुसरी लावावी. महिन्यातून एकदा घरी नेलेल्या डिस्कवरची एखादी फाइल दुसऱ्या संगणकावर उघडते का, ते पाहावे.